प्रेमकादंबरीतली माणसं लक्षात का राहतात? वाचनालयात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात ज्या पुस्तकांची शिवण सर्वांत आधी उसवते, त्या प्रेमकादंबऱ्या. त्या नेणाऱ्यांत अंगणवाडीताई आहेत, यष्टीनं तालुक्याच्या कॉलेजात जाणाऱ्या मुली आहेत आणि कापसाचा हंगाम आटोपला की दुपारचे येणारे काही शेतकरीही आहेत. यांच्यापैकी बरेच जण आता मोबाईलवर स्वतःही लिहितात. पुस्तक परत करताना जे प्रश्न हमखास निघतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

प्रेम तर सगळ्याच कादंबऱ्यांत असतं. मग प्रेमकादंबरी वेगळी कशी?

प्रेम बाजूला काढलं की जिच्यात काहीच उरत नाही, ती प्रेमकादंबरी. इंग्रजी प्रकाशक आणखी एक अट घालतात. शेवट समाधानाचा आणि आशेचा हवा. लंडनमध्ये १९०८ साली सुरू झालेल्या मिल्स अँड बूननं अशा कादंबऱ्या घरोघरी नेल्या. १९७१ मध्ये कॅनडाच्या हार्लेक्विननं ती संस्था विकत घेतली आणि ही पातळ पुस्तकं जगभर पोचली.

मराठीनं ही दुसरी अट कधी पुरती मानली नाही. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ ची. महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेली बोट, तिच्यावरचा चक्रधर आणि घरदार सुटलेली ज्यू मुलगी हॅर्टा. शेवट सुखाचा नाही, तरी हॅर्टा वाचकाला सोडत नाही. म्हणून इथे आपण दोन्ही प्रकारच्या कादंबऱ्या धरू.

काही नायिकांची नावंही आठवडाभरात विसरतात आणि काही जन्मभर सोबत राहतात. असं का होतं?

माझं उत्तर एकच आहे: निर्णय. प्रेमात पडणं हे माणसाच्या बाबतीत घडतं. त्यात त्याचं कर्तृत्व काही नसतं. त्या प्रेमासाठी किंवा त्या प्रेमाला बाजूला सारून तो जे ठरवतो आणि त्याची जी किंमत मोजतो, त्यातून माणूस दिसतो. आपल्या लक्षात राहतो तो हा माणूस.

इंग्रज लेखिका जेन ऑस्टेनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ कादंबरीतली एलिझाबेथ बेनेट १८१३ पासून वाचली जाते. पाच बहिणी, घरात मुलगा नाही आणि वडिलांची इस्टेट त्यांच्या पश्चात दूरच्या एका पुरुष नातेवाइकाला जाणार. अशा घरातल्या मुलीला वर्षाला १० हजार पौंड उत्पन्न असलेला डार्सी मागणी घालतो आणि ती नाही म्हणते. मागणी घालताना तो तिच्या घरच्यांना कमी लेखतो, आणि तिच्या बहिणीचं जुळत आलेलं लग्न त्यानं मोडलेलं असतं. आपल्याकडे चार एकर कोरडवाहू आणि तीन मुली असलेल्या घरात चालून आलेलं नोकरीवालं स्थळ मुलीनं परत पाठवलं तर काय होतं, ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना या नकाराचं वजन वेगळं सांगायला नको.

त्याच कादंबरीत तिची मैत्रीण शार्लट आहे. वय सत्तावीस, रूप बेताचं, हाताशी पैसा नाही. एलिझाबेथनं नाकारलेल्या कंटाळवाण्या कॉलिन्सला ती होकार देते. तिला स्वतःचं घर हवं आहे आणि त्यापायी आपण काय स्वीकारतो आहोत, हे तिला पक्कं ठाऊक आहे. आमच्या वाचकांत शार्लटवर एलिझाबेथपेक्षा जास्त बोलणं होतं. दोघी मैत्रिणी उलट दिशांनी जातात आणि दोघीही लक्षात राहतात, कारण दोघींनी स्वतः ठरवलं आहे.

आता हल्लीच्या अनेक कथा आठवून पाहा. नायिका पाय घसरून पडते, नायक सावरतो. ती रुसते, तो मनवतो. गैरसमज होतो, मिटतो. पन्नास भाग झाले तरी तिला आयुष्यात काय हवं आहे, ते कळत नाही. अशी नायिका नुसती घटनांबरोबर वाहत जाते.

लिहिणाऱ्यांनी एक तपासणी जरूर करावी. ‘तिनं हे सोडलं आणि हे धरलं’ असं एक वाक्य आपल्या नायिकेबद्दल लिहिता येतं का? येत नसेल तर प्रसंग वाढवू नका. आधी ते वाक्य शोधा.

नायिका म्हटली की पुण्या-मुंबईचीच का? आपल्याकडे कोणी नाही?

आपल्याकडे फार आहेत, आणि हे अभिमानानं सांगावं असं आहे. रुक्मिणी कौंडिण्यपूरची, म्हणजे आजच्या तिवसा तालुक्यातली, वर्धा नदीच्या काठची. दमयंती विदर्भराज भीमाची लेक. कालिदासाच्या रघुवंशातली इंदुमती विदर्भाची आणि त्याच्या नाटकातली मालविकाही विदर्भाचीच राजकन्या. भवभूतीच्या ‘मालतीमाधव’ नाटकातला प्रेमात पडणारा माधव विदर्भातल्या कुंडिनपुराहून शिकायला बाहेर गेलेला मुलगा आहे. अशी मुलं आजही आपल्या प्रत्येक गावात आहेत.

यांतल्या दोघी लिहिणाऱ्यांच्या फार उपयोगाच्या. पहिली रुक्मिणी. भाऊ रुक्मीनं तिचं लग्न शिशुपालाशी ठरवलं. तिनं कृष्णाला कधी पाहिलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं. तिनं एका ब्राह्मणाकरवी निरोप धाडला. भागवतातला हा निरोप सात श्लोकांचा आहे. त्यात आर्जव आहे, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यात बेत आहे. तू मला महालातून न्यायला आलास तर माझी माणसं मारली जातील. लग्नाच्या आदल्या दिवशी मी कुलदेवीच्या दर्शनाला गावाबाहेर येते, तिथून ने, असं ती कळवते. वेळ तिनं ठरवली, जागाही तिनंच ठरवली आणि माहेरच्यांचा जीवही जपला. प्रेमात इतकं शांत डोकं ठेवणारी नायिका आजच्या कादंबऱ्यांत मला क्वचित भेटते. कौंडिण्यपुराहून दर आषाढीला रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. तिच्या मागे चालणाऱ्या बायाबापड्यांना तिची गोष्ट तोंडपाठ असते.

दुसरी दमयंती. स्वयंवरात तिच्यापुढे पाच नळ उभे. चार देव नळाचं रूप घेऊन आलेले. तिनं देवांनाच विनवलं की आपली खूण दाखवा. मग तिला दिसलं की चौघांच्या अंगावर घाम नाही, पापणी लवत नाही, गळ्यातल्या माळा ताज्या, पाय भुईला टेकलेले नाहीत. पाचव्याची मात्र सावली पडली आहे, माळ कोमेजली आहे, अंगावर धूळ आहे, घाम आहे. तिनं त्या घामेजलेल्याच्या गळ्यात माळ घातली.

पात्ररचनेचा याहून चांगला धडा मी कुठल्याही लेखनशिबिरात ऐकलेला नाही. आज आपण उलटं करतो. नायकाला देव करतो, त्याचा घाम पुसतो, सावली काढून घेतो, आणि मग तो कोणाच्याच लक्षात राहत नाही म्हणून हळहळतो.

आणखी एक गोष्ट. तेराव्या शतकात रिद्धपूरला महदंबेनं जे धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, रचले, ते कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून तिचंच नाव घेतात. म्हणजे मराठीत बाईनं लिहायला सुरुवात केली ती आपल्या अमरावती जिल्ह्यात, आणि विषय होता मुलीनं स्वतः निवडलेला नवरा. प्रेमकथा लिहितो म्हणून ज्यांना संकोच वाटतो त्यांनी हे लक्षात ठेवावं.

नायक दिसायला कसा असावा?

दमयंतीचं वर आलंच आहे. वाचकाला नाकडोळे आठवत नाहीत, सवयी आठवतात. बोलता बोलता गवताची काडी मोडणारा, जेवायला बसण्याआधी बैलाला पाणी दाखवणारा, मोबाईलवर लांब बोलावं लागलं की धुऱ्यावर जाऊन उभा राहणारा. अशी एक सवय पुरते. ती कादंबरीत तीनदा यावी आणि तिसऱ्यांदा तिचा अर्थ बदललेला असावा.

रागीट, हक्क गाजवणारा, अब्जाधीश नायक मला आवडतो. त्यात चुकीचं काय?

आवडण्यात चूक काहीच नाही. आयुष्यभर सगळ्यांचं करणाऱ्या बाईला वाटतं की कोणीतरी आपल्यासाठी वेडं व्हावं, सगळी बिलं भरावीत, सासरच्यांना गप्प करावं. ती इच्छा खरी आहे आणि तिला कोणी हसू नये.

पण पात्र म्हणून असा नायक लवकर संपतो. पैसा इतका की त्याला कशाचीच निवड करावी लागत नाही. राग इतका की त्याखालचं दुसरं काही दिसत नाही. १९७० च्या दशकातल्या कितीतरी इंग्रजी प्रेमकादंबऱ्यांत नायक नायिकेवर सरळ बळजबरी करायचा आणि त्यालाच प्रेम म्हटलं जायचं. वाचणाऱ्या बायकांनीच पुढे ते नाकारलं. आज तिकडे संमती हा प्रेमप्रसंगाचाच भाग झाला आहे. नायक थांबतो, विचारतो, आणि त्या थांबण्यातही ओढ असते. मराठी मोबाईलकथांत मात्र मनगट आवळणारा, फोन तपासणारा, ‘तू फक्त माझी’ म्हणणारा नायक अजून जोरात आहे. पहाऱ्याला प्रेम समजणं आपल्या गावात किती मुलींना महागात पडतं, ते आपण जाणतो. तेव्हा लिहिणाऱ्यानं एवढं तरी करावं की नायिकेला त्याची भीती वाटत असेल तर ती भीती लपवू नये.

रागीट नायक हवाच असेल तर त्याला असं काहीतरी द्या की जिथे त्याचा राग चालत नाही. आजारी बाप द्या, बँकेचा हप्ता द्या, तीन आठवडे न आलेला पाऊस द्या.

माझी नायिका नोकरी करते असं लिहिलं आहे, तरी ती खरी वाटत नाही. काय चुकतंय?

तिचं काम कथेला कुठेच धक्का लावत नसेल. तिची नोकरी बदलली आणि कथेत काहीच बदललं नाही, तर ती नोकरी नुसती पाटी आहे.

एक उदाहरण रचून दाखवते. कापूस खरेदी केंद्रावर नायिका ओलावा मोजायला आहे. हातातलं यंत्र कापसात खुपसायचं आणि आकडा वाचायचा. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव मिळतो, त्यापुढे कपात होते आणि १२ च्या वर गेला की माल परत. रांगेत नायकाच्या बापाची गाडी आहे. अवकाळी पावसानं भिजलेला कापूस, आकडा १३. नायक समोर उभा. मागे पन्नास शेतकरी तिच्या तोंडाकडे पाहताहेत.

आता ती काय करते? तिनं १२ वाचला तर मागच्या प्रत्येकाशी ती खोटं वागली. १३ वाचला तर त्या घरची सून होणं अवघड. इथे एकही प्रेमाचं वाक्य नाही, तरी पुढची शंभर पानं याच प्रसंगावर चालतील. आकडा ऐकून तो मान खाली घालतो की तिच्यावर डाफरतो, यावरून वाचक त्याला कायमचा ओळखतो.

आपल्याकडे असं साहित्य वावरावावरांत पडलं आहे. पहिल्या वेचणीआधीची सीतादहीची पूजा, किलोवर मिळणारी वेचणीची मजुरी, बोंडाच्या टोकांनी ओरखडलेली बोटं. त्या बोटांचा हात हातात घेणारा नायक मी अजून कुठे वाचलेला नाही. आशाताई, बचत गटाची हिशेबनीस, कृषी केंद्रातला पोऱ्या, यष्टीची कंडक्टर, यांच्या कामाच्या वेळा, वरिष्ठ आणि धास्ती नीट माहीत करून घ्या. कॉफी शॉप उसनं आणायची गरज पडणार नाही.

संवाद वऱ्हाडीत लिहावे का? लोक हसतील असं वाटतं.

लिहावे. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ला कोणी हसत नाही. १९६० ची ही कादंबरी प्रेमकथा नाही, पण संसार एकटीनं ओढणारी तिची कौतिक वऱ्हाडी बोलते म्हणूनच इतकी जवळची वाटते. हसू येतं ते बोली नोकराच्या आणि विनोदी मामाच्या तोंडी घालून नायक-नायिकेला पुस्तकी मराठी दिली की. ‘मी तुझ्यावाचून जगू शकत नाही’ हे वाक्य शंभर जणांनी लिहिलं आहे. त्यापेक्षा हे पाहा:

‘काऊन आली इतक्या उनाची?’
‘तुले पाहाले.’

इतकंच पुरे. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत, ही वाट वाचकाला सोपी जाते. फक्त सगळ्या विदर्भाची बोली एक समजू नका. अकोला-अमरावतीची वऱ्हाडी, नागपूरकडची बोली आणि भंडारा-गोंदियाकडची झाडीबोली यांत फरक आहे. ज्या गावची माणसं, तिथलंच बोलणं.

आणि संबोधनं जपा. गावात मुलगी मुलाला चारचौघांत नावानं हाक मारत नाही, ‘भाऊ’ म्हणते. जिच्यावर जीव आहे तिच्या तोंडून रोज रस्त्यावर ‘भाऊ’ ऐकणारा मुलगा आणि एके दिवशी तिनं ते म्हणायचं टाळणं, हा प्रसंग शहरातल्या लेखकाला सुचणारच नाही.

आई, वहिनी, मैत्रीण यांना किती जागा द्यावी?

नायिकेला पेचात टाकता येईल इतकी. नुसती चेष्टा करणारी मैत्रीण आणि नुसती रडणारी आई कापून टाका. आईला तिचं स्वतःचं एक मत द्या. तिनं तिच्या काळी काय सोडलं होतं ते एखाद्या भुलाबाईच्या संध्याकाळी, खिरापत वाटताना, सहज बोलून जाऊ द्या.

जातीचा विषय आणावा का? लोक नाराज होतात.

गावातली प्रेमकथा लिहायची आणि आडनाव लपवायचं, हे वाचकाला लगेच कळतं. विषय आणावा, पण भाषणासारखा नको. कोणाच्या घरी पाणी कोणत्या भांड्यात मिळतं, लग्नाच्या पंगतीत कोण कुठे बसतं, हे लिहिलं की सगळं येतं.

आंतरजातीय लग्न हिंदू पद्धतीनंही होतं, त्याला नोटीस लागत नाही. पण १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं करायचं असेल तर मुलगी १८ आणि मुलगा २१ पूर्ण हवा आणि विवाह अधिकाऱ्याकडे ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. ती नोटीस कार्यालयात लावतात. म्हणजे महिनाभर दोघांची नावं भिंतीवर, आणि त्या कार्यालयात गावातलं कोणीही कामाला येऊ शकतं. ‘दुसऱ्या दिवशी त्यांनी कोर्ट मॅरेज केलं’ असं एका ओळीत उरकणाऱ्या लेखकांच्या हातून हे तीस दिवस निसटतात. धीर, संशय, मैत्री, दगा, सगळं त्या तीस दिवसांत आहे.

मोबाईलवरच्या मालिकाकथा वाचणं म्हणजे वाचन नाही, असं गुरुजी म्हणतात. खरं आहे का?

नाही. प्रतिलिपीसारख्या ठिकाणी मराठीत रोज प्रेमकथा येतात आणि नेटवर्क मिळेल तिथे उभं राहून बाया त्या वाचतात. ग्रंथालय नसलेल्या गावात हीच सोय आहे. दोष एकच: प्रत्येक भागाच्या शेवटी उत्सुकता हवी म्हणून लेखक अपघात, अपहरण, जुळा भाऊ आणत राहतो आणि पात्र जागच्या जागी राहतं. भाग अशा ठिकाणी तोडा की पुढे काय घडेल यापेक्षा आता ती काय ठरवेल, याची ओढ लागावी.

माझ्या मुलीच्या दप्तरात अशी कादंबरी सापडली. पोरी बिघडत नाहीत का यानं?

तुमची काळजी समजते. ही काळजी जुनी आहे. चंद्रकांत काकोडकर हे आपल्याकडचे फार वाचले गेलेले प्रेमकथालेखक. त्यांच्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या एका कथेवर अश्लीलतेचा खटला झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये न्यायालयानं ती कथा अश्लील नाही असा निर्णय दिला.

माझं म्हणणं असं की पुस्तक हिसकावू नका, आधी स्वतः वाचा. वयाला न शोभणारं काही असेल तर तिला स्पष्ट सांगा. नसेल तर एकच विचारा, ‘तुला यातला कोण आवडला आणि काऊन?’ मुलगी कशा माणसाला चांगलं म्हणते, हे आईबापाला इतक्या सहज दुसरीकडे कळत नाही. नायकाचा पहारा तिला प्रेम वाटत असेल तर ते लग्नाच्या बोलणीत कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

मला लिहायचं आहे. सुरुवात कुठून करू?

पहिल्या भेटीपासून नको, ती सगळ्यांची सारखीच होते. आधी नायिकेचा एक साधा दिवस लिहा, ज्यात नायक नाहीच. ती किती वाजता उठते, पाणी कुठून आणते, कोणाचं देणं आहे, कोणावर चिडते, मोबाईलमध्ये काय लपवते. मग नायकाचाही असाच एक दिवस लिहा. दोन्ही दिवस शेजारी ठेवले की ते कुठे एकमेकांना अडतात ते दिसेल. कथा त्या जागेवरून सुरू करा.

टाईप करता येत नसेल तर वहीत लिहा. वाचनालयात आणून दिलीत तर आम्ही वाचतो आणि समासात पेन्सिलीनं शेरे लिहून परत देतो. नाव घालायचं नसेल तर नका घालू.